‘काय काढायचंय?’ : सरकारी पोर्टलचं पहिलं पान ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सरकारी पोर्टलांची मुखपृष्ठं मंजूर करणारे अधिकारी, त्यांचे सल्लागार आणि ती पानं प्रत्यक्ष बांधणारे तंत्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत माझं सेवा केंद्र आहे. दहा बाय बाराचा गाळा, दोन संगणक, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि बाहेर एक लाकडी बाकडं. अकरा वर्षं झाली. या काळात तुमची मुखपृष्ठं मी जितक्या वेळा उघडली, तितक्या वेळा ती तुम्हीही उघडली नसतील. त्या जोरावर चार गोष्टी लिहितोय.

आधी कबुली देऊन टाकतो. तुमची मुखपृष्ठं गोंधळाची आहेत यावर माझं पोट चालतं. दाखला कुठे मिळतो हे मोबाईलवर आपलं आपल्याला सापडलं असतं, तर माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण घरीच बसून अर्ज करून मोकळे झाले असते. म्हणजे या पत्रात मी स्वतःच्याच गिऱ्हाइकीवर धोंडा मारतोय. पण जूनमध्ये रात्री दहापर्यंत शटर अर्धं ओढून काम करणाऱ्या माणसाला थोडी गिऱ्हाइकं कमी झाली तर वाईट वाटत नाही. शिवाय ज्यांना खरंच मदत लागते ते म्हातारेकोतारे, ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत ते शेतमजूर, ज्यांच्या कागदांवर नावाची तीन रूपं आहेत त्या बाया, ही मंडळी माझ्याकडेच येणार आहेत. त्यांना द्यायला वेळ तरी उरेल.

मागच्या जूनमधली गोष्ट. बारावी झालेली एक मुलगी आणि तिची आई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाकड्यावर बसल्या होत्या. पुढे सात-आठ नंबर. मुलगी चुणचुणीत, हातात मोबाईल. म्हटलं, “तोवर तूच उघडून बघ ना, जमेल तुला.” तिने सरकारी पोर्टल उघडलं. आधी बराच वेळ पांढरं पान. मग वरच्या पट्टीत चार बोधचिन्हं एकमेकांना खेटून. खाली सरकता फोटो, कुठल्याशा समारंभात दीपप्रज्वलन. त्यावरची ओळ ती वाचायला जाते तोच दुसरा फोटो, फीत कापताना. त्याखाली उजवीकडून डावीकडे धावणारी लाल ओळ, तिच्या टोकाला ‘नवीन’ असा लुकलुकणारा पिवळा शिक्का, आणि सूचना चार वर्षांपूर्वीची. तेवढ्यात ‘आमचं ॲप घ्या’ म्हणणारी चौकट सगळ्यावर येऊन बसली. तिची बंद करायची फुली पडद्याच्या बाहेर. मुलीने मोबाईल आडवा केला, फुली सापडली, चौकट गेली. मग अंगठ्याने वर सरकवत राहिली : आमच्याविषयी, ध्येय व उद्दिष्टे, संघटनात्मक रचना, छायाचित्र दालन. शेवटी मान वर करून मला म्हणाली, “काका, दाखला कुठंय?”

दाखला होता. ‘नागरिक सेवा’, त्यात ‘विभागनिहाय सेवा’, त्यात ‘महसूल’, त्यात आणखी एक यादी, आणि त्या यादीत. म्हणजे उत्पन्नाचा दाखला शोधायचा तर तो महसूल विभागाच्या अखत्यारीत येतो हे आधीच ठाऊक हवं. ते त्या पोरीला का ठाऊक असावं? तिला कॉलेजने कागदांची यादी दिलीय, तिच्याकडे मुदतीची तारीख आहे आणि आईची एक दिवसाची मजुरी बुडालीय.

माझ्या काउंटरवर आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न काय विचारतो माहितीय? “काय काढायचंय?” आमचं ध्येय काय, आमच्या केंद्राची रचना कशी, हे मी कधीच सांगितलेलं नाही आणि कुणी विचारलेलंही नाही. तुमच्या पहिल्या पानाने हाच एक प्रश्न विचारावा आणि उत्तर द्यायला जागा ठेवावी, एवढंच माझं मागणं आहे. बाकी जे काही लिहितोय ते याच मागणीचे धागेदोरे.

हे शहाणपण मला सुरुवातीपासून नव्हतं. केंद्र सुरू केलं तेव्हा दाराबाहेर मोठा फलक लावला होता. पेंटरकडून हौसेने रंगवून घेतला : महसूल विभाग, कृषी विभाग, समाजकल्याण, परिवहन, आणि प्रत्येकाखाली सेवांची नावं. सरकारी यादी होती तशीच उतरवलेली. दिसायला झकास. पण फलकाखाली उभं राहून लोक मलाच विचारायचे, “डोमासाईल निघतं का हितं?” फलकावर ‘वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं की! मला राग यायचा, वाचता येत नाही का म्हणून. दोनेक वर्षांनी डोक्यात उजेड पडला की वाचता येतंय, पण त्यांचा शब्द तिथे नाहीये.

मग एका वहीत लिहायला लागलो. माणूस आला की त्याच्या तोंडून पहिलं जे वाक्य निघेल ते जसंच्या तसं. कॉलेजचे दाखले. बाचं नाव कमी करायचंय. वारस लावायचाय. उतारा पाहिजे. नॉनक्रिमी. पोरीचं लग्नानंतरचं नाव. महिनाभरात वही निम्मी भरली आणि दिसलं असं, की फलकावर सेवांची ही भलीमोठी यादी, पण पानापानावर फिरून फिरून तीच आठ-दहा कामं. नवा फलक रंगवला तो त्या वहीवरून. वर तीनच मथळे : ‘शाळा-कॉलेजसाठी’, ‘जमिनीचं’, ‘घरात जन्म, लग्न, मृत्यू झाला तर’. प्रत्येकाखाली लोकांच्या तोंडचा शब्द मोठा, सरकारी नाव त्याखाली बारीक. ‘वारस लावणे’ मोठं, ‘वारस नोंदीचा फेरफार’ बारीक. सरकारी नाव काढून टाकायचं नाही, कारण पुढे अर्जावर तेच दिसणार आहे आणि माणूस तिथे बिचकायला नको. पेंटर म्हणाला, “साहेब, ‘बाचं नाव कमी करणे’ हे पण टाकू का?” तेवढं नको म्हटलं. आता चूक वाटते. टाकायला हवं होतं.

तुमच्याकडे तर वहीचीही गरज नाही. कुठली सेवा किती वेळा मागितली गेली, शोधाच्या चौकटीत लोकांनी काय टंकलं, कुठल्या पानावरून ते माघारी फिरले, हे सगळं तुमच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं. ते काढून समोर ठेवा. जूनमध्ये कॉलेजचे दाखले आपोआप वर यायला हवेत, पेरणीच्या आणि पीक नोंदीच्या दिवसांत जमिनीची कामं. गावातला वाणीसुद्धा संक्रांत आली की तीळ पुढे मांडतो.

ब्रिटनने हे करून दाखवलंय. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच पोर्टल सुरू केलं, आधीची दोन मोठी सरकारी पोर्टलं त्यात विसर्जित केली, आणि पुढे एकेक करून खात्यांची संकेतस्थळंही त्यात आणली. त्यांच्या आखणीच्या तत्त्वांतलं पहिलंच तत्त्व म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करा. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं पान सार्वजनिक सुट्ट्यांचं. लोक तिथे बहुधा एवढंच विचारायला येतात की पुढची सुट्टी कधी. तर पान उघडताच ती तारीख मोठ्या अक्षरांत समोर, आणि बाकीची यादी खाली. सुट्ट्यांमागचा इतिहास नाही की मंत्र्यांचा संदेश नाही.

पण इतक्या लांब जायला नको. आपल्या गावातलं रेशन दुकान बघा. दुकान कसंही असो, बाहेरचा फळा बघा : दुकानाची वेळ, सुट्टीचा वार, गहू किती, तांदूळ किती, भाव काय, तक्रार कुठे करायची. खडूने लिहिलेलं, हाताने पुसता येणारं. मुखपृष्ठ कसं असावं याचा इतका चांगला नमुना दुसरा नाही.

फळ्यावरून आठवलं. ‘सर्व्हर डाऊन’ हे माझ्या काउंटरवरचं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य असेल. सर्व्हर बंद पडतो, समजू शकतो. पण तो बंद असताना तुमचं मुखपृष्ठ मात्र हसतमुख असतं! फोटो फिरतायत, लाल ओळ धावतेय, आणि आत गेल्यावर अर्ध्या अर्जात पान गायब. वाडीवरून एसटीने आलेल्या माणसाला मी काय सांगू? दुरुस्तीसाठी सेवा दुपारी दोन ते पाच बंद राहील, अशी एक ओळ सगळ्यात वर, थांबलेल्या अक्षरांत आली असती तर तो माणूस उद्या आला असता. भाड्याचे पैसे वाचले असते, माझ्यावरचा संशयही वाचला असता. हो, संशय. लोकांना वाटतं मीच काम टाळतोय.

आता त्या फिरत्या फोटोंबद्दल. तुमच्या बैठकीत त्यांच्यावरच सगळ्यात जास्त चर्चा होत असणार याची मला खात्री आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या एका वेब तंत्रज्ञाने २०१३ मध्ये त्यांच्याच मुखपृष्ठावरचे आकडे मांडले होते. पानावर आलेल्यांपैकी जेमतेम एक टक्का लोकांनी फिरत्या चित्रांवर क्लिक केलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर. म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फोटोसाठी जी ओढाताण होते ती कशासाठी? लोकांची नजर अशा गोष्टी जाहिरात समजून आपोआप ओलांडते. बाकड्यावरच्या त्या मुलीनेही त्या ओलांडल्याच. फक्त त्या ओलांडण्यात तिचा डेटा गेला आणि पान उघडायला वेळ लागला.

धावत्या ओळीचं तर काय सांगावं. नव्वदच्या दशकात एका ब्राउझरने आणलेली ती कल्पना, वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएल-५ च्या नियमांत तिला कधीच निवृत्त केलंय. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांसकट सगळ्यांना पान वापरता यावं यासाठीचे, आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगतायत की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलत राहणारी गोष्ट वाचणाऱ्याला थांबवता आली पाहिजे. भारत सरकारच्याही स्वतःच्या मार्गदर्शक सूचना आहेत, २००९ मध्ये पहिल्यांदा आल्या, तिसरी आवृत्ती २०२३ ची, आणि त्या याच निकषांवर उभ्या आहेत. म्हणजे मी काही नवीन मागत नाहीये. तुमच्याच कपाटातली पुस्तिका तुम्हाला वाचून दाखवतोय.

आमच्या बाजारपेठेत एक गृहस्थ आहेत, त्यांना दिसत नाही. मोबाईल मात्र माझ्यापेक्षा सफाईने वापरतात. फोन बोलतो, ते ऐकतात, बोटाने दोनदा टिचकी मारतात. पैसे पाठवणं, बातम्या, सगळं. एकदा त्यांनी एक सरकारी पोर्टल माझ्यासमोर उघडून मला ऐकवलं. फोन म्हणतोय, “चित्र. चित्र. चित्र. लेबल नसलेलं बटण. लेबल नसलेलं बटण. चित्र.” ते हसत होते, मला हसू आलं नाही. योजनेची सगळी माहिती एका रंगीत चित्रातच लिहिलेली होती. कुणी पात्रतेचा निकष विचारला तर तो चित्रातल्या अक्षरांत आहे, आणि फोनला चित्रातली अक्षरं भरवशाने वाचता येत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशी माहिती त्यांच्यापर्यंत पोचणं हा त्यांचा हक्क केलाय. मजकूर मजकुरासारखा टाकला आणि चित्राला चार शब्दांचं वर्णन दिलं तर काम होतं, त्याला वेगळा निधी लागत नाही.

मराठीविषयी बोलल्याशिवाय हे पत्र बंद करवत नाही.

एका पोर्टलवर वरच्या पट्टीत पहिलं बटण होतं ‘घर’. मला वाटलं घरकुल योजना असेल. दाबलं तर पुन्हा तेच पान. मग कळलं, इंग्रजी ‘होम’चं यंत्राने केलेलं मराठी! दुसऱ्या एका ठिकाणी ‘लागू करा’ असं बटण. काय लागू करायचं, संचारबंदी? ‘अर्ज करा’ म्हणायचं होतं त्यांना. यंत्राकडून भाषांतर करून घ्या, माझी हरकत नाही, पण प्रकाशित करण्याआधी मराठी बोलणाऱ्या एका माणसाकडून वाचून घ्या. पहिल्या पानावर शंभर-दीडशे शब्द असतील, चहा थंड व्हायच्या आत वाचून होतील. भाषा बदलण्याचं बटण दाबलं की माणूस जिथे होता तिथेच राहिला पाहिजे, परत पहिल्या पानावर फेकला जाऊ नये, हेही जाता जाता. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. मराठी पान इंग्रजी पानाचं सावत्र भावंड असल्यासारखं अर्धवट भरलेलं का असतं, ते तुम्हीच सांगा.

अक्षरांचंही तसंच. देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळींतलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन बसतो. बारीक आकारात ‘द्ध’ आणि ‘ध्द’ एकच दिसतं, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ एकच. त्यात फिकट करड्या रंगाची फॅशन. अक्षर आणि त्यामागची जमीन यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतकं प्रमाण हवं, असा आकडाच सुगम्यतेच्या त्या निकषांत आहे. आमच्या गल्लीत दुपारी बारा वाजता, उन्हात धरलेल्या, काच तडकलेल्या मोबाईलवर तुमचं पान एकदा बघा. आकड्याची गरज पडणार नाही.

आणि शोधाची चौकट. ती पहिल्या पानावर ठळक हवी, आणि तिला माणसांची मराठी कळायला हवी. ‘उत्पन’ लिहिलं, ‘उत्पन्न’ लिहिलं, रोमन लिपीत लिहिलं, बोलून टाकलं, चारही वेळा दाखलाच समोर आला पाहिजे. ह्रस्व-दीर्घाची परीक्षा घ्यायची जागा ती नव्हे. आज बहुतेक ठिकाणी काय होतं? ‘सातबारा’ टाकलं की २०१७ मधल्या एका परिपत्रकाची स्कॅन केलेली प्रत निघते, आणि तीही तिरकी.

सेवा सापडली की तिच्याच बाजूला तीन गोष्टी हव्यात : कुठले कागद, किती शुल्क, किती दिवस. यात उपकार काही नाहीत. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवेला मुदत दिलीय, जबाबदार अधिकारी दिलाय, वेळेत काम झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी आयोग दिलाय. माझ्या बाकड्यावर बसलेल्यांना यातलं फारसं ठाऊक नसतं. ‘झालं की सांगतील’ म्हणून ते जातात आणि महिन्याने विचारायला येतात. अर्जाचा क्रमांक टाकून अर्ज कुठे अडकलाय ते बघायची चौकट पहिल्याच पानावर ठेवा. लोक अर्ज एकदा करतात, पण चौकशी दहादा करतात.

एक गोष्ट जरा नाजूक. माझ्याकडच्या एका माणसाने मोबाईलवर शोध घेतला, सरकारीच वाटेल असं एक पान वर आलं, त्याने तिथे पैसे भरले आणि दाखला काही आला नाही. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघायचं असतं, ही माहिती त्याला कुणी द्यायची? खोट्या पानावर सगळं सुटसुटीत होतं, मोठं बटण होतं, ‘दाखला काढा’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ठगांना पहिलं पान करता येतं, कारण आलेल्या माणसाला काय हवंय याचा विचार त्यांनी केलेला असतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

तुमची अडचण मला कळत नाही असं समजू नका. पहिल्या पानावर प्रत्येक शाखेला आपली खिडकी हवी असते. कुठला फोटो काढला की कुणाचा तरी फोन येतो. उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या पडद्यावर पान दाखवायचं असतं, तिथे तीन मथळे आणि एक शोधाची चौकट फारच गरीब दिसते. माझ्या नव्या फलकालाही लोक म्हणाले होते, “जुना भारी होता.” तर एक तडजोड सुचवतो. फोटो, संदेश, रचना, दालनं, सगळं असू द्या, ‘विभागाविषयी’ अशा एका दाराआड, सन्मानाने. पत्रकार, विद्यार्थी, माहिती अधिकारवाले तिथे जातील. ‘आपण अमुक लाखावे पाहुणे’ हा आकडा मात्र काढूनच टाका. त्यातले कितीतरी वेळचे पाहुणे मीच आहे, तेही पान मध्येच तुटलं म्हणून पुन्हा आलेला. आणि ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल’ ही तळाची ओळसुद्धा. तो ब्राउझर खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या जूनमध्ये बंद केला.

नवं मुखपृष्ठ मंजूर करण्याआधी एक दिवस इकडे या. बुधवारी या, आठवडी बाजार असतो. मोटारीतून उतरताना लॅपटॉप तिथेच ठेवा, सोबत कुणाचा तरी जुना मोबाईल आणा. बाकड्यावर बसलेल्या कुणाच्याही हातात तो द्या, काय काढायचंय ते विचारा आणि गप्प बसा. तो चुकला तरी सांगायचं नाही, ही एवढी अट. अंगठा कुठे थांबतो ते बघायचं. पाच-सहा जण झाले की तुम्हाला कळेल, आणि तोवर कचेरीमागच्या टपरीवरून चहा आलेला असेल.

त्या मुलीचा दाखला मिळाला. मुदतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी.

कळावे,
आपला,
तहसील कचेरीसमोरचा एक सेवा केंद्रवाला